चार पानं हातात, खेळायची दोनच : पॉट-लिमिट ओमाहा समजून घेताना

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि मोबाइलवर पैसे लावून चालणारी पोकरची टेबलं धडाधड बंद झाली. बातम्यांत शब्द एकच होता, 'पोकर'. प्रत्यक्षात त्या नावाखाली बरेच खेळ मोडतात. सिनेमात दिसतो तो बहुतेक वेळा टेक्सस होल्डेम असतो. गोव्यात मांडवीवरच्या कॅसिनोंत मात्र रोखीच्या टेबलांवर त्याच घराण्यातला दुसरा खेळ जोरात चालतो : पॉट-लिमिट ओमाहा, खेळणाऱ्यांच्या तोंडी 'पीएलओ'.

होल्डेम येतं म्हणून ओमाहाच्या टेबलावर बसलेला माणूस दोन ठिकाणी हमखास आपटतो. एक, हातातली नेमकी किती पानं वापरायची. दोन, 'पॉट-लिमिट' या शब्दातलं लिमिट किती मोठं आहे. बाकीचे नियम अर्ध्या तासात अंगवळणी पडतात. हे दोन पडत नाहीत, आणि पैसे तिथेच जातात.

मधली पानं सगळ्यांची

ओमाहा हा 'कम्युनिटी कार्ड' पोकर आहे. म्हणजे काही पानं प्रत्येकाच्या हातात झाकलेली आणि काही टेबलाच्या मधोमध उघडी, सगळ्यांच्या मालकीची. होल्डेममध्ये हातात दोन पानं मिळतात, ओमाहात चार. मध्ये दोन्हीकडे पाच. या मधल्या पाच पानांना 'बोर्ड' म्हणतात.

टेबलावर साधारण सहा ते नऊ जण. पानं कॅसिनोचा डीलर पिसतो आणि वाटतो, पण 'वाटणारा कोण' हे दाखवणारी एक गोल चकती दर डावाला एक जागा डावीकडे सरकते. तिला 'बटन' म्हणतात. बटनाच्या डावीकडचा पहिला खेळाडू 'स्मॉल ब्लाइंड' भरतो आणि त्याच्या पुढचा 'बिग ब्लाइंड'. ही पानं बघण्याआधी सक्तीने टाकायची रक्कम आहे. तीन पत्तीतला बूट सगळे भरतात, इथे दोघेच भरतात. या लेखात सगळीकडे ब्लाइंड ५० आणि १०० रुपये धरले आहेत.

चार-चार पानं वाटून झाली की बोलीची पहिली फेरी. ती बिग ब्लाइंडच्या डावीकडच्या खेळाडूपासून सुरू होते आणि बिग ब्लाइंडपाशी संपते. कुणीच रक्कम वाढवली नसेल, तर बिग ब्लाइंडला स्वतः वाढवायची मुभा असते. मग डीलर गड्डीचं वरचं एक पान न दाखवता बाजूला टाकतो आणि तीन पानं एकदम उघडतो. हा 'फ्लॉप'. दुसरी फेरी. पुन्हा एक पान बाजूला, एक उघडं : 'टर्न'. तिसरी फेरी. परत तसंच : 'रिव्हर'. चौथी आणि शेवटची फेरी. एकाहून जास्त जण उरले, तर पानं दाखवायची.

फ्लॉपनंतरच्या तिन्ही फेऱ्या बटनाच्या डावीकडून सुरू होतात. म्हणजे बटनावर बसलेला माणूस तिन्ही वेळा सगळ्यांत शेवटी बोलतो. बाकीच्यांनी काय केलं हे बघून मग आपण ठरवायचं, हा फायदा ओमाहात होल्डेमहून मोठा आहे. का, ते पुढे येईलच.

कलर मोठा, सिक्वेन्स लहान

दिवाळीत किंवा गणपतीच्या जागरणाला तीन पत्ती खेळलेल्या माणसाला इथे ठेच लागते. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरवर भारी. पोकरमध्ये उलटं : कलर, म्हणजे 'फ्लश', हा सिक्वेन्सवर, म्हणजे 'स्ट्रेट'वर भारी.

ही कुणाची लहर नाही, मोजणी आहे. ५२ पानांतून तीन पानांचे एकूण २२,१०० हात होतात. त्यांत साधे सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६. सिक्वेन्स दुर्मिळ, म्हणून तो वर. पाच पानांचे हात होतात २५,९८,९६०. त्यांत स्ट्रेट १०,२०० आणि फ्लश ५,१०८. इथे फ्लश दुर्मिळ. (जाता जाता : तीन पत्तीत ट्रेल ५२ आणि प्युअर सिक्वेन्स ४८ आहेत, तरी ट्रेल वर मानतात. तिथे मोजणीपेक्षा रिवाज जिंकला.)

पोकरची उतरंड अशी. सगळ्यांत वर स्ट्रेट फ्लश, म्हणजे एकाच रंगाची सलग पाच पानं. ती एक्का ते दश्शी असली की रॉयल फ्लश. मग चार सारखी. मग फुल हाउस, म्हणजे तीन सारखी आणि एक जोडी. मग फ्लश, स्ट्रेट, तीन सारखी, दोन जोड्या, एक जोडी, आणि काहीच नसेल तर सर्वांत मोठं पान. एक्का-दुर्री-तिर्री बऱ्याच घरांत दोन नंबरचा सिक्वेन्स धरतात. पोकरमध्ये एक्का ते पंजी हा सगळ्यांत लहान स्ट्रेट. इस्पिक-बदाम-चौकट-किलवर यांत लहान-मोठं काही नाही. पाचही पानं बरोबरीची निघाली तर रक्कम वाटून घ्यायची.

दोन आणि तीन : इथे सूट नाही

होल्डेममध्ये हातातली दोन आणि मधली पाच अशा सात पानांतून कुठलीही उत्तम पाच निवडता येतात. हातातली दोन्ही घ्या, एक घ्या, एकही घेऊ नका.

ओमाहात ही मोकळीक नाही. हातातली नेमकी दोन आणि मधली नेमकी तीन. राइसप्लेटच्या फलकावर 'चारपैकी कोणत्याही दोन भाज्या' लिहिलेलं असतं, तसं. तीन मागितल्या तर मिळणार नाहीत, आणि इथे एकीवर भागवायचीही सोय नाही.

वाचताना हे सोपं वाटतं. टेबलावर काय होतं ते बघा.

बोर्डवर बदामचा राजा, नव्वी, छक्की आणि तिर्री आहेत. पाचवं पान किलवरची चौकी. तुमच्या हातात बदामचा एक्का आणि बाकी तिन्ही पानं काळी. होल्डेमची सवय असलेला डोळा लगेच म्हणतो, एक्क्याचा फ्लश, याच्यावर कुणी नाही. ओमाहात हा फ्लशच नाही. हातातून दोन पानं घ्यावीच लागणार आणि बदाम एकच आहे. समोरच्याकडे बदामची सत्ती आणि दुर्री असेल, तर त्याचा फ्लश खरा : राजा, नव्वी, सत्ती, छक्की, दुर्री. मधली तिर्री त्यालाही घेता येत नाही, कारण मधली तीन झाली.

दुसरं उदाहरण याहून फसवं. बोर्डवर तीन अठ्ठ्या आणि दोन राजे. होल्डेममध्ये टेबलावरच्या प्रत्येकाचा फुल हाउस झाला असता. ओमाहात तुमच्या हातात राजा, राणी, गुलाम, दश्शी आहेत असं धरा. तुमच्याकडे काय आहे? राजा आणि राणी हातातून. मधून दोन राजे आणि एक अठ्ठी. तीन राजे, बस्स. समोर कुणी दोन दुर्र्या धरून बसला असेल तर त्याच्या तीन अठ्ठ्या आणि दुर्रीची जोडी हा फुल हाउस, आणि तो जिंकतो. दुर्रीच्या जोडीने राजाला हरवलेलं बघून नवखे डीलरशी वाद घालतात. डीलर बरोबर असतो.

आणि हातात चारही एक्के आले तर? आनंद मानू नका. वापरता येतात दोनच, म्हणजे एक्क्यांची जोडी. तिसरा एक्का बोर्डवर येणार कुठून, बाकीचे दोन तुमच्याच हातात अडकलेत. दोन वेगळ्या रंगांचे एक्के घेऊन फ्लश होत नाही, स्ट्रेटही होत नाही. ओमाहातल्या सगळ्यांत वाईट हातांत याची गणना होते आणि जाणकार पहिल्याच फेरीत तो टाकून देतात. तीन सारखी पानं हातात येणंही याच कारणाने वाईट.

सवय लावायची ती अशी : हातातल्या चार पानांच्या सहा जोड्या होतात, बोर्डवरच्या पाचांची तिकडी दहा प्रकारे निघते, म्हणजे एकूण साठ हात तपासायचे. साठ कुणी मोजत नाही. आधी बोर्ड बघायचा, त्यावर सगळ्यांत मोठा हात कुठल्या दोन पानांनी होईल ते ठरवायचं आणि मग ती दोन पानं आपल्याकडे आहेत का ते बघायचं. उलट्या क्रमाने, म्हणजे आधी आपली पानं बघून गेलं की चूक होते.

शेवटी पानं दाखवताना चारही उघडी टाकायची. जिंकणारी दोनच दाखवली तर हात ग्राह्य धरत नाहीत. चारही उघडी असतील तर हात वाचायचं काम डीलरचं. तुम्ही तोंडाने चुकीचा हात सांगितलात तरी पानं जे म्हणतात तेच चालतं. मात्र हरलो असं समजून पानं झाकून डीलरकडे सरकवली, तर तो हात गेला. नंतर लक्षात आलं की फ्लश होता, तरी काही उपयोग नाही.

बोलीचे पाच प्रकार

आपल्या आधी कुणी रक्कम लावली नसेल तर 'चेक' म्हणून पुढे ढकलता येतं किंवा 'बेट' लावता येते. लावली असेल तर तेवढीच भरायची (कॉल), वाढवायची (रेज) किंवा पानं टाकायची (फोल्ड, म्हणजे तीन पत्तीतलं पॅक). रेज किमान आधीच्या वाढीइतकी हवी. कुणी ३०० लावले, दुसऱ्याने ८०० केले, तर वाढ ५०० ची. तिसऱ्याला किमान १,३०० करावे लागतील.

दोन बारीक गोष्टी नवख्यांना महाग पडतात. समोर ३०० ची बेट असताना काही न बोलता १,००० ची एकच चिप (पैशांऐवजी वापरायची चकती) पुढे टाकली, तर तो कॉल धरतात. रेज करायची असेल तर आधी तोंडाने सांगायचं. आणि चिप्स एकदाच पुढे करायच्या. आधी थोड्या, मग समोरच्याचा चेहरा बघून आणखी, हे चालत नाही.

पॉट म्हणजे नेमके किती?

मधे जमलेली सगळी रक्कम म्हणजे पॉट. पॉट-लिमिटमध्ये एका वेळी जास्तीत जास्त पॉटएवढी रक्कम वाढवता येते. होल्डेम सहसा 'नो-लिमिट' असतं : केव्हाही समोरचं सगळं ढकलता येतं, म्हणजे 'ऑल-इन' होता येतं. ओमाहात तसं नाही. कुणी ऑल-इन म्हणाला आणि त्याच्याकडे पॉटहून जास्त असेल, तर डीलर ती बोली पॉटइतकीच धरून जादा चिप्स परत करतो.

गोंधळ आहे तो 'पॉटएवढी वाढ' कशी मोजायची यात. नियम असा : आधी कॉल केला असं धरायचं, त्या कॉलसकट पॉट मोजायचा आणि जो आकडा येईल तेवढी वाढ वर चढवायची.

पॉटमध्ये १,००० आहेत. समोरच्याने ६०० लावले. तुम्ही पॉट म्हणालात, तर किती? बहुतेक नवखे १,६०० सांगतात. बरोबर आकडा २,८०० आहे. १,००० आणि त्याचे ६०० मिळून १,६००. तुमचा कॉल ६००, झाले २,२००. आता त्यावर २,२०० ची वाढ. कॉलचे ६०० आणि वाढीचे २,२०० मिळून २,८००.

हे टेबलावर पटकन करायचं सूत्र : टेबलावर आत्ता पडलेली सगळी रक्कम, अधिक आपल्याला भरायच्या कॉलची दुप्पट. तेवढे आपल्या हातून पुढे जातात. वरच्या उदाहरणात १,६०० अधिक १,२००. पहिल्याच फेरीत पहिल्या खेळाडूने पॉट म्हटलं तर १५० अधिक २००, म्हणजे ३५०. त्याचे ३५० पुढच्याने कॉल केले आणि ब्लाइंडच्या आधी बसलेल्या बटनाने पॉट म्हटलं, तर टेबलावर ८५०, अधिक ७००, एकूण १,५५०. सगळे फोल्ड होऊन पाळी स्मॉल ब्लाइंडवर आली, तर त्याचे ५० आधीच आत आहेत, कॉल फक्त ५० चा : १५० अधिक १००, म्हणजे तो आणखी २५० टाकतो आणि त्याची एकूण बोली ३०० होते. इथे 'कॉलची दुप्पट' म्हणजे अजून भरायच्या रकमेची दुप्पट. समोरच्याच्या पूर्ण बोलीची दुप्पट केली की हिशेब बिघडतो.

आकडा येत नसेल तर लाजू नये. पॉट-लिमिटच्या टेबलावर पॉट किती झाला हे डीलरला विचारायचा हक्क आहे. नो-लिमिटमध्ये तो मोजून देत नाही. काही ठिकाणी हिशेब सोपा व्हावा म्हणून स्मॉल ब्लाइंड बिग ब्लाइंडएवढा धरून पॉट मोजतात.

'लिमिट आहे, म्हणजे जपून खेळता येईल'

हा पहिला आक्षेप, आणि सगळ्यांत महाग पडणारा गैरसमज. कागदावरच करून बघा. तुमच्यासमोर दहा हजार आहेत, म्हणजे शंभर बिग ब्लाइंड. टेबलावर बसायची ही नेहमीची रक्कम. तुम्ही पहिल्या फेरीत पॉट म्हटलं : ३५०. बिग ब्लाइंडने कॉल केला, बाकी सगळे फोल्ड. पॉट झाला ७५०, त्यात स्मॉल ब्लाइंडचे ५० अनाथ पडलेले.

फ्लॉपवर पॉट, ७५०. कॉल. आता मध्ये २,२५०. टर्नवर पॉट, २,२५०. कॉल. आता ६,७५०. रिव्हरवर पॉट, ६,७५०. कॉल. पॉट २०,२५०, आणि तुमच्या खिशातून गेले ३५० अधिक ७५० अधिक २,२५० अधिक ६,७५०, म्हणजे १०,१००. कुणी एकदाही रेजवर रेज केली नाही, तरी शंभर बिग ब्लाइंड संपून वर थोडे कमीच पडले.

कारण उघड आहे. पॉटएवढी बेट आणि तिचा कॉल, की पॉट तिप्पट. तीन फेऱ्यांत सत्तावीसपट. नो-लिमिटमध्ये धोका एका धक्क्यात येतो आणि डोळ्यांना दिसतो. इथे तो पायरीपायरीने येतो. ७५० चा कॉल करताना माणूस ७५० चाच विचार करतो, पाठीमागून येणाऱ्या नऊ हजारांचा करत नाही. म्हणून पीएलओमध्ये फ्लॉपवरचा कॉल करण्याआधीच विचारायचं : टर्नला पुन्हा पॉट आला तर भरणार आहे का? उत्तर नाही असेल, तर बऱ्याचदा आत्ताच टाकलेलं बरं. शेवटी बोलणाऱ्याचा फायदा मोठा का, तेही इथेच कळतं : प्रत्येक चुकीची किंमत पुढच्या फेरीत तिप्पट होते आणि तो ती चूक इतरांना आधी करू देतो.

'चार पानं, मग चांगला हात येणारच की'

येतो. समोरच्यालाही येतो. नऊ जणांच्या टेबलावर होल्डेममध्ये १८ पानं वाटली जातात, ओमाहात ३६. त्यामुळे होल्डेममध्ये जिंकून देणाऱ्या दोन जोड्या किंवा राणीचा फ्लश ओमाहात कुबट माल ठरतो. बोर्डवर शक्य असलेल्या सर्वांत मोठ्या हाताला 'नट्स' म्हणतात, आणि मोठा पॉट झाला की समोरच्याकडे नट्स असण्याची शक्यता खरोखरच मोठी असते. दुय्यम फ्लश धरून पॉटचे कॉल करत राहणं हा पैसे घालवायचा ओमाहातला राजमार्ग.

दोन एक्क्यांचंही तसंच. होल्डेममध्ये एकास एक लढतीत एक्क्यांची जोडी साधारण ८० ते ८५ टक्के वेळा जिंकते. ओमाहात एक्क्यांसोबत सत्ती-दुर्री अशी निकामी पानं असतील, आणि समोर गुलाम-दश्शी-नव्वी-अठ्ठी दोन-दोन एका रंगाची असतील, तर लढत जवळजवळ बरोबरीची होते. चारही पानांनी एकमेकांना हात द्यायला हवा, हे सुरुवातीच्या निवडीचं सूत्र : सलग, किंवा दोन रंगांत जुळलेली, किंवा एक्क्यासोबत त्याच रंगाचं दुसरं पान. एखादं पान नुसतं लटकलेलं असेल तर सहा जोड्यांपैकी तीन वाया गेल्या.

अजून न झालेला हातही इथे दांडगा असतो. फ्लॉपवर नव्वी, अठ्ठी, दुर्री. तुमच्या हातात गुलाम, दश्शी, सत्ती, छक्की. आत्ता तुमच्याकडे काहीच नाही. पण राणी आली तर स्ट्रेट, पंजी आली तर स्ट्रेट, शिवाय गुलाम, दश्शी, सत्ती, छक्की यांपैकी काहीही आलं तरी स्ट्रेट. चार राण्या, चार पंज्या आणि बाकी चार प्रकारांची उरलेली तीन-तीन : एकूण वीस पानं. होल्डेममध्ये दोन्ही बाजूंनी उघड्या स्ट्रेटला आठच पानं चालतात. न दिसलेल्या ४५ पानांतून पुढच्या दोनांत या विसांपैकी एक तरी यायची शक्यता ७० टक्क्यांच्या घरात जाते. फक्त लक्षात ठेवायचं, की समोर तीन नव्व्या असतील तर बोर्डवर जोडी लागताच तुमचा स्ट्रेट त्याच्या फुल हाउसखाली जातो, आणि एकाच रंगाचं तिसरं पान पडलं की फ्लशची भीती वेगळीच.

याची दुसरी बाजू होल्डेमवाल्यांना पटतच नाही : हातात नट्स असूनही टाकावे लागतात. फ्लॉप : बदामची नव्वी, बदामची अठ्ठी, किलवरची सत्ती. तुमच्याकडे इस्पिकचे गुलाम-दश्शी, किलवरची चौकी, चौकटची दुर्री. सत्ती ते गुलाम, याहून मोठा स्ट्रेट नाही. समोरच्याकडे किलवरचा गुलाम, चौकटची दश्शी, आणि बदामचे एक्का-राजा. स्ट्रेट त्याचाही तोच. पुढच्या दोन पानांत एक बदाम आलं की तो एकटा जिंकतो. नाही आलं तर बहुतेक वेळा पॉट अर्धा-अर्धा. तुम्ही एकट्याने जिंकाल असं एकही पान गड्डीत नाही. दहा हजार आत टाकून मिळालंच तर अर्धं, नाहीतर शून्य. समोरून रेजवर रेज येत असेल आणि आपल्या स्ट्रेटला पुढे सुधारायला जागा नसेल, तर फ्लॉपवर ही शंका घ्यायलाच हवी.

तिघे ऑल-इन झाले तर

ओमाहात एका डावात तिघे-चौघे अडकणं नेहमीचं, म्हणून 'साइड पॉट' माहीत हवा. एकाकडे २,०००, दुसऱ्याकडे ५,०००, तिसऱ्याकडे ९,००० आणि तिघांचे सगळे आत. प्रत्येकाचे दोन हजार मिळून ६,००० चा मुख्य पॉट, त्यावर तिघांचा हक्क. दुसऱ्या-तिसऱ्याचे पुढचे तीन-तीन हजार मिळून ६,००० चा साइड पॉट, त्यावर त्या दोघांचाच. तिसऱ्याचे उरलेले ४,००० त्याचे त्याला परत. आधी साइड पॉटचा निकाल, मग मुख्य पॉटचा.

'शेवटी जुगारच ना?'

एका रात्रीपुरतं बघितलं तर नशीब भारी. हजारो डाव बघितले तर वर सांगितलेला हिशेब करणारा आणि न करणारा यांच्यात फरक पडतो. पण कोर्टांत यावर एकमत झालेलं नाही. गुजरात हायकोर्टाने २०१७ साली पोकर हा नशिबाचा खेळ ठरवला. मद्रास हायकोर्टाने २०२३ साली कौशल्याचा. गुजरातचा निकाल आपल्यासाठी जवळचा, कारण तिथे आणि महाराष्ट्रात लागू असलेला जुगारबंदीचा कायदा मुळात एकच, १८८७ चा मुंबईचा. त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे, आणि पोकर त्या सुटीत बसतो की नाही हाच वाद.

ऑनलाइनपुरता हा वाद २०२५ च्या कायद्याने बाजूला सारला. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या या कायद्यात पैसे लावून खेळायचा कुठलाही ऑनलाइन खेळ, कौशल्याचा असो वा नशिबाचा, बंद. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाखांपर्यंत. खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही.

गोव्याचं वेगळं. तिथे १९७६ च्या कायद्यात नंतर घातलेल्या १३-अ कलमाने जहाजांवरच्या टेबल-खेळांना परवानगी मिळते, म्हणून मांडवीत ती जहाजं. आत जायला २१ वर्षं पूर्ण हवीत, आणि २०२० पासून खुद्द गोव्याच्या रहिवाशांना प्रवेश नाही. महाराष्ट्रातही १९७६ साली कॅसिनोचा कायदा झाला होता. तो कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला.

बसण्याआधी काय विचारायचं

एक, पानं चार की पाच? पाच पानी ओमाहाही बराच चालतो. नियम तेच, दोन आणि तीन. पण साठऐवजी शंभर हात होतात, नट्सशिवाय काहीच टिकत नाही, आणि टेबलावर आठहून जास्त माणसं बसू शकत नाहीत : नऊ जणांची ४५, बोर्डची ५ आणि बाजूला टाकायची ३ मिळून ५३ होतात.

दोन, हाय-लो आहे का? त्यात अर्धा पॉट मोठ्या हाताला आणि अर्धा लहानाला जातो. लहान हात म्हणजे अठ्ठी किंवा त्याखालची पाच वेगवेगळी पानं, तीही दोन-तीनच्याच नियमाने. बोर्डवर अशी तीन पानं नसतील तर लहान हात होतच नाही आणि सगळा पॉट मोठ्याला. मोठ्या आणि लहान हातासाठी हातातल्या वेगवेगळ्या जोड्या वापरता येतात.

तीन, 'रेक' किती? प्रत्येक पॉटमधून टेबल चालवणारा घेतो तो वाटा. तो टक्केवारीत असतो आणि त्याला कमाल मर्यादा असते. ती मर्यादा विचारायची. ओमाहात फ्लॉप बघणारे जास्त आणि पॉट मोठे, त्यामुळे रेकही जास्त कापला जातो. मघाचा २०,२५० चा पॉट घ्या, आणि दोघांसमोर तेवढे पैसे होते असं धरा. समजा रेकची मर्यादा ५०० आहे आणि दोघांचा हात सारखाच निघाला. उरले १९,७५०, प्रत्येकी ९,८७५. दोघांनी टाकले होते १०,१००. दोघांकडेही नट्स होते आणि दोघेही २२५ रुपयांनी खाली गेले.